भाट्याला फायबर सारखं तुटतंय, खाडीवरून वायरलेस लिंक टाकू का?

भाट्येकर_ऑनलाइन

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

घर भाट्याला, रत्नागिरीतून आलात की पूल ओलांडून. नोकरी पुण्याच्या कंपनीची, रात्रीची शिफ्ट, घरूनच करतो. फायबर आहे, शंभर एमबीपीएसचा प्लॅन, चालतं तेव्हा झकास चालतं, स्पीडबद्दल काही म्हणणंच नाही. रडगाणं असं की मे पासून आत्तापर्यंत चौदा वेळा गेलंय. कधी डंपरने रस्त्यावरची लोंबती वायर ओढून नेली, कधी झावळी पडली, कधी नुसतंच "वरून फॉल्ट आहे साहेब" आणि पुढे चोवीस तास कोणी फोन उचलत नाही. परवा तर मॅनेजर काहीतरी विचारत असतानाच गेलं, मी तोंड उघडं टाकून स्क्रीनवर गोठलो, आणि त्याचा स्क्रीनशॉट आता टीमच्या ग्रुपवर स्टिकर म्हणून फिरतोय.

आता डोक्यात आलेला किडा. आतेभावाचा फ्लॅट थिबा पॉइंटच्या बाजूला आहे, चौथा मजला, वर गच्ची. तिथून आमच्या घराची कौलं दिसतात. गणपतीत तो वरून टॉर्च मारत होता आणि मी इकडून, तर दोघांनाही दिसला. नकाशावर सरळ रेघ मोजली तर २.४ किमी भरते, मध्ये सगळी खाडी. वायर पुलावरून फिरून येते आणि तुटते, मग हवेतून सरळच का नको? त्याच्याकडे दुसऱ्या कंपनीचं फायबर आहे. दोन्हीकडे त्या छोट्या डिश लावायच्या आणि नेट इकडे ओढायचं.

विचारायचं असं की पावसात हे टिकतं का, की टाटा स्काय सारखं ढग आले की गायब? परवानगी वगैरे लागते का? आणि हे सगळं करण्यापेक्षा सरळ कंपनीचं एअर फायबर, म्हणजे मोबाइल टॉवरवरून घरी येणारं नेट, घ्यावं का? वडिलांचं मत आहे की नोकरी बदल.

---

मिऱ्याचा_वारा

एअर फायबर घे आणि मोकळा हो. गच्चीवर डबा लावून जातात, एका दिवसात काम. डिश, पाइप, आतेभाव एवढा खटाटोप करायचा कशाला. आमच्याकडे जानेवारीपासून आहे, दिवसा दीडशेच्या वर जातं. संध्याकाळी आठ ते अकरा मात्र चाळीस-पन्नासवर येतं, कारण सगळं गाव मोबाइलवर त्याच टॉवरला लोंबकळत असतं. आणि डाउनलोडची मर्यादा बघून घे, जिओच्या एअर फायबरला महिन्याला १००० जीबी, वायरवाल्याला त्याच्या तिप्पट. घरात चार माणसं टीव्ही बघणारी असली तर लागतं ते.

---

सुपारीबाग

वायरलेस पावसात चालत नाही. आपल्याकडे चार महिने पाऊस. विषय संपला.

---

जोडकाम_हातखंबा

विषय कसला संपला, सुरू तरी होऊ दे.

मी फायबर जोडायचंच काम करतो, अकरा वर्षं झाली. कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही, सांगितलं तर उद्या तुम्ही सगळे मलाच फोन कराल. भाट्येकर दादा, डिश घ्यायच्या आधी एक करा. तुमच्या घरात जो डबा आहे ना, ओएनटी, त्याच्यावर दोन लाइट असतात, एक पॉन आणि एक लॉस. नेट गेलं की पहिलं ते बघायचं. लॉस लाल लुकलुकत असेल तर तुमच्या घरापासून आमच्या मशीनपर्यंत उजेडच येत नाहीये, म्हणजे वायर तुटली, दुमडली, कुठल्यातरी जोडात पाणी गेलं, काहीतरी जवळचंच. आणि पॉन हिरवा शांत आहे पण नेट नाही, तर तुमची वायर ठणठणीत आहे, दुखणं पुढे कुठेतरी आहे, साखरप्याला असेल नाहीतर खारेपाटणला असेल.

हे कशासाठी सांगतोय, तर तुमची डिश फक्त पहिलं दुखणं बरं करते. ती अडीच किलोमीटर वायर वाचवते. आतेभावाच्या घरातून पुढे नेट जातं ते शेवटी फायबरनेच जातं. रत्नागिरीतून बाहेर पडायचं म्हणजे वाटा किती, एक महामार्गाने मुंबईकडे नाहीतर गोव्याकडे, एक आंबा घाटातून कोल्हापूरला, एक कोकण रेल्वेच्या रुळाच्या कडेने. कंपन्या दहा असल्या तरी रस्ते तेच. चौपदरीकरणात मी स्वतः बघितलंय, एकाच चरात तीन कंपन्यांचे पाइप शेजारी शेजारी, जेसीबीच्या एका फावड्यात तिघेही गार. त्या रात्री गावातले लोक एका सिमवरून दुसऱ्या सिमवर उड्या मारत होते आणि दोन्हीला रेंज फुल पण नेट शून्य. टॉवर हवेत बोलतो, पण टॉवरच्या पायाशी बघा, फायबरच आत शिरलेली असते. नाहीतर तो डोंगरावरच्या दुसऱ्या टॉवरशी मायक्रोवेव्हने बोलतो आणि त्या टॉवरच्या पायाशी फायबर असते. एअर फायबर नावात एअर आहे म्हणून जमिनीशी संबंध तुटला असं होत नाही.

लोक म्हणतात जोडायला एवढा वेळ का लागतो. दादा, रात्री दोनला घाटात, वरून झड लागलेली, मी ताडपत्रीखाली बॅटरी तोंडात धरून चोवीस तारा बघतोय, निळा नारिंगी हिरवा तपकिरी राखाडी पांढरा, आणि राखाडी नि पांढरा त्या उजेडात सारखेच दिसतात. केसाएवढी काच, दोन टोकं साफ करून मशीनमध्ये ठेवायची, वाऱ्याने एक धुळीचा कण आला की परत पहिल्यापासून.

तर चौदा वेळांपैकी किती वेळा लाल होता ते सांगा, मग बोलू.

---

दाभोळ_धक्का

जोडकाम भाऊंनी बरोबर नाडी पकडली. पण मी लिंकवाला माणूस आहे म्हणून लिंकची बाजू मांडतो. दाभोळहून खाडीपलीकडे वेलदूरला मामाच्या घरी २०१९ पासून माझी लिंक आहे, पावणेदोन किमीच्या आसपास, पाच गिगाहर्ट्झवाली, जोडी तेव्हा बारा-तेरा हजाराला पडली होती. अजून चालू आहे. रेडिओ ३०० दाखवतो, हातात दीडशे-पावणेदोनशे येतं, कारण येणं-जाणं एकाच चॅनेलवर आळीपाळीने चालतं. पिंगमध्ये, म्हणजे सिग्नल जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेत, दोन-तीन मिलीसेकंदांची भर पडते, कॉलला काहीही जाणवत नाही.

पहिलं म्हणजे टॉर्च दिसला याचा अर्थ लाइन ऑफ साइट, म्हणजे सरळ नजर, आहे, पण तेवढं पुरत नाही. लिंक ही दोरीसारखी नसते, तवशासारखी असते, मोठ्या काकडीसारखी. दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये फुगीर. तुमच्या २.४ किमीला पाच पॉइंट आठ गिगाहर्ट्झवर मधोमध त्या तवशाची त्रिज्या साडेपाच मीटर येते. त्यातला निदान ६० टक्के भाग, म्हणजे सव्वातीन मीटर, रेघेच्या चारही बाजूंनी मोकळा पाहिजे. माडाचा शेंडा रेघेला टेकत नसला तरी तवशात घुसलेला असू शकतो. आणि माड उभा राहत नाही हो, डोलतो. ओली झावळी तर भिंतच समजा. शांत दुपारी टेस्ट केलीत तर सगळं छान दिसेल आणि पहिल्या वळवाला लिंक उचक्या द्यायला लागेल.

दुसरं म्हणजे पाणी, आणि याबद्दल मला कोणीच सांगितलं नव्हतं. लिंक लावली, महिनाभर सुरेख. मग मामा म्हणायला लागला की मध्येच अर्धा पाऊण तास मरतं आणि आपोआप येतं. मी केबल बदलली, अडॅप्टर बदलला, चॅनेल बदलले, फर्मवेअर टाकलं. काही नाही. शेवटी कागदावर वेळा लिहायला लावल्या. गुरुवारी साडेतीन, शुक्रवारी चार वीस, शनिवारी पाच दहा. मी त्या कागदाकडे इंजिनिअरसारखा बघतोय आणि शेजारचे काका, आयुष्य होडीवर गेलेलं, चहा घ्यायला आले होते, त्यांनी चष्मा न लावता कागद लांब धरून बघितला आणि म्हणाले, अरे ही तर भरतीची वेळ लिहिली आहेस. आमच्याकडे जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरती काढतात, पंचमी असेल तर पावणेचार, अष्टमी असेल तर सहा. बरोब्बर तेच आकडे.

होतं असं की सिग्नल एक सरळ जातो आणि एक पाण्यावर आपटून जातो. दोन्ही पलीकडच्या डिशमध्ये एकत्र येतात. या लहरीची लांबी आहे जेमतेम पाच सेंटिमीटर, त्यामुळे पाणी मीटर-दोन मीटर चढलं की आपटून येणाऱ्याची वाट थोडी बदलते आणि एका ठराविक पातळीला दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. माझ्याकडे ती पातळी नेमकी भरती टोकाला आल्यावरची होती. ओहोटीला चिखल उघडा पडतो, तो एवढं चकाकत नाही.

उपाय काय केला तर डिश वर न्यायच्या ऐवजी सहा-सात फूट खाली आणली. सगळे हसले. पण खाली आणल्यावर समोरचं केवड्याचं बन आडवं आलं, म्हणजे डिशच्या जागी डोकं ठेवून बघितलं तर पलीकडचं घर दिसतं पण खाडीचं पाणी दिसत नाही. बस, हेच पाहिजे. तुमच्याकडे तर थिबा पॉइंटची बाजू उंच आणि तुमची बुटकी, म्हणजे आपटण्याची जागा तुमच्याच किनाऱ्याजवळ येणार, तिथे बन, बांध, वईचा गडगा, काहीही पाणी झाकायला मिळालं तर सोनं.

बाकी खारा वारा आहेच. माझे पहिले क्लॅम्प जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे होते, दीड पावसाळ्यात चुरमुऱ्यासारखे हातात आले. स्टेनलेस घ्या, त्यातही ३१६. केबलचं टोक हिरवं पडतं, तिथे ग्रीस भरा आणि टेप गुंडाळा. केबल घरात शिरायच्या आधी खाली एक झोळ ठेवा म्हणजे पाणी झोळातून ठिपकेल, आत जाणार नाही. तौक्ते वादळाला, मे २०२१, माझी डिश पाइपवरच फिरली आणि दोन दिवस देवाकडे बघत होती. आता खूण म्हणून पाइपवर रंगाची रेघ मारून ठेवली आहे, फिरली तर परत रेघेला आणायची.

---

सुपारीबाग

बाकी ठीक आहे पण पावसाचं कोणी बोलत नाही. आमची डीटीएच छत्री पहिल्या सरीला बंद होते. मग ही पण होणारच की.

---

डीबी_मोजणारा

सुपारीबाग, तुमचा अनुभव खरा आहे पण निष्कर्ष चुकतोय. डीटीएच अकरा-बारा गिगाहर्ट्झवर येतं आणि येतं ते ३६ हजार किमीवरून, त्यामुळे सिग्नल आधीच काठावर असतो, एक जोरदार सर आली की काठावरून पडतो. इथे प्रश्न पाच पॉइंट आठचा आणि अडीच किलोमीटरचा आहे. तासाला १०० मिमी असा कोसळणारा पाऊस धरला, म्हणजे आपल्या जुलैतला अगदी डोळे फिरवणारा, तरी या बँडला किलोमीटरमागे साधारण एक डेसिबल (सिग्नलची घट मोजायचं माप) जातो. अख्ख्या लिंकला अडीच. थिबा पॉइंटकडून नियमाच्या आतली पूर्ण पॉवर आणि घरी मध्यम डिश धरली तर उणे छप्पन डीबीएमच्या आसपास सिग्नल मिळायला हवा (डीबीएम म्हणजे सिग्नलच्या ताकदीचं माप, उण्याचा आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर), त्यात दोन-तीन डेसिबल गेले तर कोणाला कळणारही नाही.

हाच पाऊस २६ गिगाहर्ट्झवर धरा, किलोमीटरला सोळा डेसिबल. तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के लागू. २०२२ च्या ५जी लिलावात २६ चा बँडही विकला गेला, एअर फायबरला तो उपयोगी पडतो पण टॉवर जवळ असेल तरच. साधारणपणे घरावरच्या डब्याला मिळतो तो ३.३ गिगाहर्ट्झचा बँड, त्याला पाऊस काही करत नाही. जिओ काही ठिकाणी यूबीआर म्हणून जे लावते ते तर हेच बिनपरवान्याचं पाच गिगाहर्ट्झ, म्हणजे भाट्येकर जे घरी करणार तेच कंपनी मोठ्या प्रमाणावर करते.

आता परवानगी. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने पाच गिगाहर्ट्झचे चार पट्टे लायसन्समुक्त झाले, एकूण ६०५ मेगाहर्ट्झ. त्यातला ५७२५ ते ५८७५ तुमच्या कामाचा. मर्यादा आहे ती डिशचा गेन, म्हणजे डिश एका दिशेला जो जोर वाढवते तो, धरून ३६ डीबीएम, म्हणजे ४ वॅट. रेडिओच्या सेटिंगमध्ये देश भारत निवडा, तो आपोआप आत राहतो. लोक दुसरा देश निवडून पॉवर वाढवतात, तसलं करू नका, एक तर बेकायदा आणि दुसरं म्हणजे शेजाऱ्याच्या लिंकची वाट लागते. उपकरण डब्ल्यूपीसीच्या, म्हणजे दूरसंचार खात्याच्या वायरलेस विभागाच्या, मंजुरीचं आहे का तेही विक्रेत्याला विचारा.

पण रेडिओ मोकळा आहे म्हणजे नेट विकायला मोकळीक आहे असं नाही. स्वतःच्या वापरासाठी घरापर्यंत आणणं वेगळं आणि उद्या वाडीतल्या दहा घरांना महिन्याला तीनशे रुपयांत वाटणं वेगळं. त्याला आयएसपीचं, म्हणजे इंटरनेट पुरवठादाराचं, लायसन्स लागतं, नाहीतर पीएम-वाणी या सरकारच्या सार्वजनिक वायफाय योजनेच्या वाटेने जायचं, ते डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालं, त्यात दुकानदार लायसन्सशिवाय वायफाय देऊ शकतो. आणि आतेभावाच्या प्लॅनच्या अटी वाचा, काहींत जागेबाहेर नेट न्यायला मनाई असते. त्यापेक्षा त्याच्या फ्लॅटवर तुमच्या नावाने दुसरं कनेक्शन घ्या आणि कंपनीला विचारून करा, पुढे भावाभावांत कटकट नको.

सहज म्हणून सांगतो, अंतराची भीती बाळगू नका. २००७ मध्ये व्हेनेझुएलात एर्मानो पिएत्रोसेमोली नावाच्या माणसाने साध्या वायफायच्या उपकरणावर ३८२ किमीची लिंक चालवून दाखवली होती, डोंगरावरून डोंगरावर. तमिळनाडूत थेनीला अरविंद डोळ्यांच्या हॉस्पिटलने गावोगावच्या केंद्रांतले रुग्ण असल्याच लांब पल्ल्याच्या वायफायवरून तपासले. तुमची तर खाडीच आहे.

---

मिऱ्याचा_वारा

३८२ किमी?? म्हणजे इथून मुंबईच्या पुढे. आणि आमच्या हॉलमधलं वायफाय संडासापर्यंत पोचत नाही.

---

देवगडवालो

तुमी सगळे मोठे इंजिनेर, पण माजो एक साधो प्रश्न. पावसात लायटच नसता तेव्हा ह्यो रेडिओ चलतलो कशावर? ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात मंडणगड-दापोलीकडे किती दिवस काळोख होतो तो आठवा. टॉवरच्या बॅटऱ्यो मेल्यो, डिझेल पोचला नाय, रेंज गेली. हय डिश दोन, म्हणजे लायट दोन ठिकाणी व्हयी. आदी इन्वर्टर घे बाबा, मगे डिश.

---

जोडकाम_हातखंबा

देवगडकरांनी लाखाचं बोललं. फायबरला मधल्या वाटेत करंट लागत नाही, फक्त दोन टोकांना. तुमच्या लिंकमध्ये एक टोक वाढलं. पण हे रेडिओ सात-आठ वॅटच खातात, छोटा राउटरचा यूपीएस मिळतो त्यावर तीन-चार तास आरामात निघतात, फक्त व्होल्टेज बघा, बरेचसे २४ चे असतात आणि स्वस्तातला यूपीएस १२ चाच देतो.

आणि वीज, आकाशातली. फायबर काच आहे, वीज तिच्यातून घरात येत नाही. डिशची केबल तांब्याची आहे. वळवाच्या वेळी आणि परतीच्या पावसात, म्हणजे मे अखेर आणि ऑक्टोबरात कडकडाट झाला की हे पोर्ट उडतात. सर्ज प्रोटेक्टर लावा आणि त्याला खरी अर्थिंग द्या. लोक प्रोटेक्टर लावतात आणि हिरवी वायर तशीच लोंबत सोडतात, तो काय देवाला नवस आहे का.

---

भाट्येकर_ऑनलाइन

सगळ्यांचे आभार, रात्री शिफ्टमध्ये बसून सगळं दोनदा वाचलं. काल बसून व्हॉट्सॲपवरच्या माझ्या सगळ्या तक्रारी उपसल्या, दरवेळी डब्याचा फोटो पाठवायचो हे नशीब. चौदापैकी नऊ वेळा लाल. चार वेळा हिरवा होता पण नेट नाही. आणि एकदा, सांगायला लाज वाटते, आमचाच अडॅप्टर जळला होता आणि मी दीड दिवस कस्टमर केअरला शिव्या घालत होतो.

मग आतेभावाला विचारलं की त्या चार तारखांना तुझं चालू होतं का. त्याने गुगल पे चे मेसेज आणि हॉटस्टारवर काय बघितलं ते आठवून सांगितलं, दोन वेळा त्याचंही बंद होतं. म्हणजे लिंक असती तर नऊ आणि दोन अशा अकरा वेळा वाचलो असतो. दोनदा काही केलं तरी बुडालोच असतो. जोडकाम भाऊ, तुमचं म्हणणं पटलं.

फायबर काढत नाही, ते ठेवतोच. दोन नेट घेणारा राउटर घेऊन फायबर गेलं की आपोआप खाडीवरून, असं करायचं म्हणतोय. दोन्ही नेटचा खर्च जातो थोडा, पण स्टिकरपेक्षा परवडला.

आता अडचण माडाची. रेघेत दोन माड येतात, एक आमचा, एक चुलत काकांच्या हद्दीत. आमच्याचा शेंडा बाजूला आहे. काकांचा बरोब्बर तवशात. काका आणि बाबा २०११ पासून बोलत नाहीत, कारण तोच माड.

---

मिऱ्याचा_वारा

हाहाहा. फायबर तोडायला जेसीबी लागतो, वायरलेस तोडायला चुलत्याचा माड पुरतो.

---

दाभोळ_धक्का

माडाला हात लावू नका, भांडण वाढवू नका. डिश कौलावर नको, घराच्या दुसऱ्या टोकाला पडवीकडे न्या, दहा-बारा फूट सरकलात तरी रेघ माडाच्या बाजूने निघू शकते. अडीच किलोमीटरवर पलीकडच्या टोकाला त्याने काही बिघडत नाही, फक्त डिश नव्याने नेम धरून लावायची. घरापासून माड किती लांब आहे?

---

भाट्येकर_ऑनलाइन

चाळीस पावलं असेल.

---

दाभोळ_धक्का

मग तिथे तवसं अजून बारीक असतं, टोकाजवळ आहे ना. जेमतेम सव्वा मीटर त्रिज्या. शेंड्याच्या झावळ्या दोन्ही बाजूला तीन-चार मीटर पसरतात त्या धरून पाच-सहा मीटर बाजूने रेघ काढा, वाऱ्याला जागा सोडा. नाहीतर शेंड्याच्या खालून, खोडाच्या शेजारून काढा, खोड फूटभर जाड, ते फार त्रास देत नाही. माझी एक लिंक अशीच पोफळींच्या मधून खालून जाते. आणि खाली आणलीत तर पाणी झाकायचं कामही होतंय का ते बघा.

विकत घ्यायच्या आधी कोणाकडून तरी जोडी मागून आणा आणि आठवडाभर नुसती बांधून ठेवा. मिनिटामिनिटाचा सिग्नल लिहून ठेवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आठवड्यात अमावास्या किंवा पौर्णिमा आलीच पाहिजे, उधाणाचं पाणी बघितल्याशिवाय खाडीवरच्या लिंकवर पैसे टाकायचे नाहीत.

---

डीबी_मोजणारा

दाभोळकरांशी सहमत, फक्त लॉग बघताना सरासरी बघू नका. सरासरी उणे साठ दिसते आणि रोज वीस मिनिटं उणे नव्वद असतं, ते सरासरीत बुडून जातं. सगळ्यात वाईट मिनिट बघा. आणि संध्याकाळी चॅनेल स्कॅन करा, थिबा पॉइंटवरून अख्ख्या रत्नागिरीचे वायफाय तुमच्या तिथल्या डिशच्या कानात ओरडत असणार. तिकडची बाजू जास्त गोंगाटाची, इकडे पाणीच आहे म्हणून शांत. ८० मेगाहर्ट्झ रुंदीच्या हव्यासात पडू नका, ४० चा चॅनेल ठेवा, मिळतील तेवढ्या शंभर एमबीपीएसमध्ये तुमची शिफ्ट आणि घरची मालिका दोन्ही चालतील.

बाय द वे, तुमच्या आतेभावाच्या बिल्डिंगमध्ये किती फ्लॅट आहेत? अमेरिकेत वेबपास म्हणून कंपनी होती, गुगल फायबरने २०१६ मध्ये घेतली, ते हेच करायचे, बिल्डिंगच्या गच्चीवर एकच मोठी मायक्रोवेव्ह डिश आणि आत घराघरात साधी इथरनेट केबल. सुटी सुटी घरं त्यांना परवडत नव्हती, बिल्डिंग परवडायची. आपल्याकडे साळवी स्टॉप, नाचणे भागात आता एवढ्या सोसायट्या झाल्या आहेत, एखाद्या लोकल लायसन्सवाल्याने केलं तर चालेल की. रस्ता खोदायची परवानगी नको, खड्डा नको.

---

जोडकाम_हातखंबा

चालेल हो, पण त्या मोठ्या डिशचं दुसरं टोक कुठे? शेवटी माझ्याच दारात.

---

सुपारीबाग

बरं मान्य, पाऊस नाही अडवत. पण वानर? आमच्या छत्रीवर रोज वानरं बसतात.

---

दाभोळ_धक्का

वानराला माझ्याकडेही उत्तर नाही. बंद डब्याची डिश घ्या, जाळीची घेऊ नका, जाळीला धरून झोका घेतात. केबल पाइपच्या आतून न्या, उघडी दिसली की चावतात.

---

भाट्येकर_ऑनलाइन

अपडेट. ऑफिसातल्या एकाने रेडिओची जोडी उसनी दिली आहे, पडवीकडे पाइप रोवला, पुढे करवंदीची जाळी आणि गडगा आहे, बसून बघितलं तर खाडी दिसत नाही आणि थिबा पॉइंटची बिल्डिंग दिसते. काकांचा माड डावीकडे सुटतो. बाबा पाइपाला सिमेंट घालत होते तेव्हा काका गडग्यापलीकडून बराच वेळ बघत होते आणि शेवटी म्हणाले, ओळंबा लाव, वाकडा जातोय. बाबांनी लावला.

रविवारी पलीकडची डिश लावायची. पंचांग बघितलं, द्वादशी आहे, म्हणजे पाऊणपट करून नऊला भरती. साडेआठला गच्चीवर पाहिजे. आतेभाव रविवारी अकराच्या आत उठत नाही, आत्याला फोन करून ठेवलाय.